दुसऱ्यांच्या निरीक्षणांची हमाली

प्रश्न असा आला आहे: "मी भौतिकशास्त्रात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दीर्घिकांवर संशोधन करायचं आहे. एका सीनियरचं म्हणणं, विद्यापीठात जागा मिळाली तर ठीक, पण अवकाश दुर्बिणीच्या संस्थेत लागलीस तर जन्मभर दुसऱ्यांच्या निरीक्षणांची हमाली करशील. तुम्ही तेच काम करता. खरं काय ते सांगाल?"

तुला 'तू' म्हणते, चालेल ना? माझी पुतणी तुझ्याच वयाची आहे.

तुझा सीनियर अगदीच खोटं बोललेला नाही. हमाली आहे. मी २००८ पासून बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये आहे. आधी बरीच वर्षं हबल या अवकाश दुर्बिणीच्या स्पेक्ट्रोग्राफच्या (म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार फोडून वर्णपट काढणाऱ्या उपकरणाच्या) टीममध्ये होते, आता वेब या नव्या अवकाश दुर्बिणीच्या. माझ्या पदाला कागदावर निम्मा वेळ स्वतःच्या संशोधनाचा आहे आणि निम्मा दुर्बिणीच्या कामाचा. कागदावर म्हटलं, कारण दुर्बिणीला कागद वाचता येत नाही. तिचं काही बिघडलं की त्या आठवड्यात माझ्या दीर्घिका गुपचूप कोपऱ्यात बसतात.

पण हे काम केलं नसतं तर संशोधनही नीट जमलं नसतं, असं माझं मत आहे. ते का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

पीएचडी मी पुण्याला केली, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत. दीर्घिकांमधला हायड्रोजन २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर रेडिओ लहरी सोडतो, त्या टिपायच्या आणि दीर्घिकेत वायू किती आहे, कसा फिरतो आहे ते काढायचं, असा विषय. पहिल्याच वर्षी रात्रपाळीत स्क्रीनवर एक सुबक उंचवटा दिसला. मी हरखले. शेजारी बसलेल्या ऑपरेटरने चहाचा कप खाली न ठेवताच सांगितलं, "मॅडम, हा तुमच्या दीर्घिकेचा नाही. हा काल पण होता. काल दुसऱ्यांचा सोर्स लावला होता." एवढंच. कुठला तरी जमिनीवरचा ट्रान्समीटर होता तो. आकाश बदललं तरी जे बदलत नाही ते आकाशातलं नव्हे, हे मला गाइडने शिकवण्याआधी त्या ऑपरेटरने शिकवलं. तो रोज तिथे बसत होता, मी महिन्यातून दोन रात्री जात होते. फरक तेवढाच.

पीएचडीनंतर युरोपात तीन वर्षं पोस्टडॉक केली. त्यातली दोन वर्षं व्हिसाच्या रांगेत गेली असं आता वाटतं. तो भाग सोडून देऊ.

बाल्टिमोरला रुजू झाले सप्टेंबर २००८ मध्ये. ऑक्टोबरात शटल हबलच्या शेवटच्या दुरुस्तीला निघणार होतं, सगळी इमारत त्या तयारीत. २७ सप्टेंबरला हबलवरचा, उपकरणांचा डेटा गोळा करून खाली पाठवणारा भागच बंद पडला. दुर्बीण ठणठणीत, पण मुकी. दुसऱ्या बाजूची जोडणी चालू करून काम पुन्हा सुरू झालं खरं, पण आता जायचंच आहे तर तोही भाग बदलून या, असं ठरलं आणि मोहीम मे २००९ वर गेली. नव्या नोकरीचे पहिले आठ महिने मी एका अशा स्पेक्ट्रोग्राफची कागदपत्रं वाचत काढले जो अजून जमिनीवरच होता.

त्याचं नाव कॉस. तो बसवायला जागा झाली ती कॉस्टार काढून, आणि कॉस्टार म्हणजे हबलचा चष्मा. १९९० मध्ये हबल वर गेली तेव्हा तिचा २.४ मीटरचा आरसा कडेला जरासा जास्त सपाट घासला गेल्याचं लक्षात आलं. जरासा म्हणजे सुमारे २.२ मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या कितीतरी खाली. त्या चुकीवरचा उतारा म्हणून १९९३ मध्ये कॉस्टार बसवला होता. पुढच्या उपकरणांनी आपापला चष्मा आतच घालून घेतला, मग याची गरज उरली नाही. त्याच मोहिमेत २००४ पासून बंद असलेला स्टिस हा जुना स्पेक्ट्रोग्राफही दुरुस्त करायचा होता. शंभराहून जास्त बारीक स्क्रू काढायचे, आणि अडलं कुठे, तर दरवाजाच्या दांडीच्या एका साध्या बोल्टवर. तो गुळगुळीत झाला, फिरेना. शेवटी अंतराळवीर माइक मॅसिमिनोने ती दांडी हाताने हिसडून उपटली. आम्ही खाली पडद्यासमोर श्वास धरून. रविवार होता, कँटीन बंद, कोणीतरी डब्यातून आणलेले बटाटेवडे तसेच गार झाले. (कोणीतरी म्हणजे मीच.)

आता माझ्या दीर्घिकांकडे येते. दीर्घिकेचा फोटो बघतेस त्यात तारे असतात, धुळीच्या रेघा असतात. पण तिच्याभोवती लाखो प्रकाशवर्षं पसरलेला विरळ वायू फोटोत येत नाही. दीर्घिकेत नवे तारे ज्यातून व्हायचे तो माल बराचसा तिथूनच येतो, आणि ताऱ्यांच्या स्फोटांनी बाहेर फेकलेला मालही तिथेच जातो. म्हणजे घराबाहेरचं कोठार आणि उकिरडा एकाच अंगणात. हा वायू बघायची युक्ती अशी की त्याच्या मागे, खूप लांब, एखादा क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा, शोधायचा. क्वेसारचा प्रकाश या वायूतून आपल्याकडे येताना हायड्रोजन, ऑक्सिजन, कार्बन आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश गिळतात. वर्णपटात तिथे खाच पडते. जवळच्या दीर्घिकांसाठी या खाचा अतिनील भागात येतात, आणि अतिनील प्रकाश वातावरण खाली येऊच देत नाही. म्हणून हबल, म्हणून कॉस. २०११ मध्ये कॉस-हेलोज या सर्वेक्षणाने दाखवलं की नवे तारे बनवणाऱ्या दीर्घिकांभोवती ऑक्सिजनवाल्या वायूचं मोठं आवरण आहे, आणि थंडावलेल्या दीर्घिकांभोवती ते जवळजवळ नाही. खोडदला मी रेडिओत पाहिलेल्या हायड्रोजनचीच ही बाहेरची भावकी.

तर पहिल्याच वर्षी माझ्या स्वतःच्या छोट्या प्रोग्रॅमचा डेटा आला. एका दीर्घिकेच्या बाजूने जाणारा क्वेसारचा प्रकाश. वर्णपटात एक खाच मिळाली, रुंदी अगदी हायड्रोजनच्या रेषेसारखी. तिच्यापुढे साधारण आठ अँगस्ट्रॉमवर (हे तरंगलांबीचं एकक) दुसरी. आणखी तेवढ्याच अंतरावर तिसरी. मी त्यावर झकास गोष्ट रचली: वेगवेगळ्या वेगाने दीर्घिकेत पडणारे वायूचे ढग, एकामागून एक, जणू वारीतल्या दिंड्या. मीटिंगच्या स्लाइड झाल्या. आदल्या दिवशी उपकरण बांधणाऱ्यांपैकी एका वयस्क इंजिनिअरला सहज दाखवल्या. त्यांनी विचारलं, "पिक्सेलमध्ये अंतर किती?" मी मोजलं. ८४० च्या आसपास. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

कॉसच्या अतिनील डिटेक्टरसमोर बारीक तारांची एक जाळी आहे. जाळीच्या तारांची सावली डिटेक्टरवर पडते, साधारण दर ८४० पिक्सेलांवर एक, सुमारे वीस टक्के खोल. माझे ढग म्हणजे त्या तारा. आकाशातली रेषा तरंगलांबीला चिकटलेली असते, तारेची सावली पिक्सेलला. म्हणूनच कॉसमध्ये ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचा वर्णपट पाडणारी बारीक रेघांची पट्टी, किंचित सरकवून एकच निरीक्षण चार जागांवर घेता येतं: खरी रेषा वर्णपटाबरोबर सरकते, सावली जागची हलत नाही. मी वेळ वाचवायला एकाच जागेवर घेतलं होतं. शिवाय डेटाच्या फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलपुढे 'हा संशयास्पद' असा फ्लॅग असतो, तो सिग्नल वाढावा म्हणून मीच बंद केला होता. दोन्ही गोष्टी आमच्याच हँडबुकमध्ये ठळक लिहिलेल्या. त्या हँडबुकच्या पुढच्या आवृत्तीचं एक प्रकरण मलाच लिहायचं होतं, हे आणखी वर.

वर्षभराने दुसऱ्या खंडातून एका संशोधकाची मेल आली. उत्साहात होते बिचारे. दोन खाचा, सारखं अंतर. जोडलेला आलेख उघडून मला दोन मिनिटंही लागली नाहीत. पण उत्तर लिहायला मी दुपारभर घेतली, कारण त्यांना 'तुमचं चुकलं' एवढंच सांगून भागणार नव्हतं. त्यांच्याच डेटात काय उरतं ते दाखवायचं होतं. तारांच्या सावल्या काढल्यावर एक तिसरी, उथळ खाच शिल्लक राहिली. ती खरी होती. ती त्यांच्या निबंधात गेली, आणि आभाराच्या ओळीत माझं नाव. ही ती हमाली.

आता तुझ्या सीनियरच्या बाजूने बोलते, कारण तीही बाजू खरी आहे. कॉसच्या डिटेक्टरवर पडणारा प्रत्येक फोटॉन त्याला जरासा झिजवतो. देवळाची पायरी मधोमध झिजते तसा वर्णपट जिथे पडतो तो पट्टा झिजत जातो. गंमत म्हणजे सर्वांत जास्त झीज दूरच्या दीर्घिकांनी होत नाही. हबल पृथ्वीच्या बाहेरच्या विरळ हायड्रोजनमध्येच फिरते, आणि तो १२१६ अँगस्ट्रॉमवर रात्रंदिवस चमकत असतो. त्या चमकेने डिटेक्टरवर ठरावीक जागी खड्डे पडतात. उपाय एकच, वर्णपट शेजारच्या कोऱ्या पट्ट्यावर सरकवायचा. पहिली सरकवासरकव जुलै २०१२ मध्ये झाली, मग २०१५, २०१७, २०२१, २०२२. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात नव्या जागी फोकस वेगळा, तरंगलांबीचं गणित वेगळं, संवेदनशीलता वेगळी. सगळं पुन्हा मोजायचं, आणि तेही लोकांची निरीक्षणं न थांबवता. २०१२ ची सरकवासरकव माझ्या अंगावर होती. त्या सहा महिन्यांत माझा एक निबंध अर्धवट पडून राहिला, आणि तोच विषय दुसऱ्या गटाने छापला. चांगला निबंध होता त्यांचा. माझ्यापेक्षा चांगला असेलही. त्यांनी वापरलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणाची ही सगळी मोजमापं, आमच्या टीमचं होतं. आजही तो कुठे संदर्भात दिसला की पोटात थोडं कालवतं.

हे तुला सोसेल का, हे तूच बघ. मला जेमतेम सोसलं.

या कामातला बाहेरच्यांना न दिसणारा मोठा भाग म्हणजे 'नाही' म्हणणं. प्रस्ताव मंजूर झाला की दुर्बिणीच्या वेळापत्रकात घालण्याआधी प्रत्येक निरीक्षण आमच्यापैकी कोणीतरी तपासतं. अतिनील डिटेक्टर फार नाजूक. एखादा निळा, तापलेला तारा चुकून त्यांच्या तोंडावर आला तर कायमची इजा होऊ शकते, आणि आता दुरुस्तीला कोणी जाणार नाही, शटल २०११ मध्येच निवृत्त झालं. म्हणून ज्या ताऱ्याकडे बघायचं त्याच्याच नव्हे, आजूबाजूच्या सगळ्या ताऱ्यांच्या अतिनील तेजाचा हिशेब करायचा. एकदा मॅजेलनच्या मेघातल्या, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या, ताऱ्यांच्या दाट पुंजाजवळचं निरीक्षण होतं. लक्ष्य सुरक्षित. पण ते ज्या आठवड्यात बसत होतं त्या आठवड्यातल्या दुर्बिणीच्या कोनात एक शेजारी तारा दुसऱ्या डिटेक्टरवर येत होता, आणि त्याची अतिनील नोंद कुठल्याच यादीत नव्हती. दृश्य प्रकाशातल्या रंगावरून अंदाज काढला तर मर्यादेच्या अगदी काठावर. मी अडवलं. संशोधिका चिडल्या, आणि बरोबरच होतं, तीन वर्षं त्या या वेळेची वाट बघत होत्या. मग आम्ही दोघींनी मिळून कोनाची अशी पट्टी शोधली की तारा बाहेर राहील. निरीक्षण दोन महिन्यांनी झालं. तो तारा खरंच धोकादायक होता की नाही हे मला आजतागायत माहीत नाही, आणि त्याची खात्री करून घेण्याचा मार्गही मला नको आहे.

वेबवर वेगळीच तऱ्हा. वेब निघाली २५ डिसेंबर २०२१ ला, फ्रेंच गयानातल्या कुरूहून. आमच्याकडे सकाळचे सात वीस. पुण्यात संध्याकाळचे सहा वाजायला आलेले, आई देवापुढे दिवा लावायची थांबून फोनवर बघत होती. आईचा कायमचा प्रश्न, "तू त्यातून बघतेस तरी कधी?" कधीच नाही. दुर्बीण १५ लाख किलोमीटरवर, आणि डोळा लावायला जागाही नाही. मी बघते ते आकड्यांचे रकाने.

वेबच्या निअरस्पेक या स्पेक्ट्रोग्राफमध्ये सुमारे अडीच लाख चिमुकल्या खिडक्यांची जाळी आहे. एकेक खिडकी साधारण १०० बाय २०० मायक्रॉन. एक चुंबक जाळीवरून फिरतो, सगळ्या उघडतात, मग आपल्याला हव्या तेवढ्याच विजेच्या दाबाने धरून ठेवायच्या, बाकीच्या मिटतात. अशाने एकाच वेळी शंभराहून जास्त दीर्घिकांचे वर्णपट घेता येतात. महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आतल्या दीर्घिकांची अंतरं पक्की झाली ती याच उपकरणाने. काही खिडक्या कायमच्या बंद आहेत, थोड्या कायमच्या उघड्या. कुठल्या, हे आम्हाला पाठ असतं, चाळीतल्या बिऱ्हाडांसारखं.

खिडकीची रुंदी आकाशात ०.२ आर्कसेकंद (एका अंशाचे ३,६०० आर्कसेकंद). दहा रुपयांचं नाणं २८ किलोमीटरवरून जेवढं दिसेल तेवढी. दीर्घिका तिच्यात नेमकी यायची तर तिचे आकाशातले सहनिर्देशक आधीच काटेकोर हवेत. एका पीएचडीच्या मुलाची यादी आली, शंभरेक दीर्घिका. यादी सुंदर, प्रत्येकीच्या नावापुढे टिपणं. मी सवयीने त्यातले काही तारे ताऱ्यांच्या जागा अचूक मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या यादीशी ताडून पाहिले. सगळेच्या सगळे एकाच दिशेला ०.३ आर्कसेकंदाने सरकलेले. त्याने जुन्या हबल चित्रांवरून जागा मोजल्या होत्या, आणि जुनी चित्रं कधी कधी जवळजवळ आर्कसेकंदभर सरकलेली असतात. एकमेकांच्या सापेक्ष जागा अगदी अचूक, सगळ्यांना मिळून एकच चूक. तसंच गेलं असतं तर खिडक्या बरोबर उघडल्या असत्या आणि दीर्घिका शेजारच्या बंद दारामागे राहिल्या असत्या. पाच-सहा तासांचं निरीक्षण कोरं परत आलं असतं, आणि उपकरणाचा दोष नसल्याने वेळ परत मिळाली नसती. यादी दुरुस्त करायला त्याला एक संध्याकाळ लागली. त्याने मला नंतर कार्ड पाठवलं, त्यावर हाताने काढलेली एक बंद खिडकी.

वेळ मिळणं किती अवघड आहे त्याचीही कल्पना दे सीनियरला. वेबच्या चौथ्या वर्षासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये २,३७७ प्रस्ताव आले. मागितलेली वेळ सुमारे ७८ हजार तास, म्हणजे देता येण्यासारखी होती त्याच्या नऊपट. अर्ज जगातून कोणीही करू शकतं. देश, वय, पद बघत नाहीत. २०१८ पासून हबलच्या, आणि पहिल्यापासून वेबच्या प्रस्तावांवर नावच नसतं, तपासणाऱ्यांना अर्जदार कोण ते कळत नाही. त्याआधीच्या फेऱ्यांत स्त्रियांच्या प्रस्तावांचं यश वर्षानुवर्षं पुरुषांपेक्षा थोडं कमीच राहत आलं होतं. नावं झाकल्यावर पहिल्याच फेरीत स्त्रियांचं ८.७ टक्के, पुरुषांचं ८ टक्के. एका फेरीवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत हे मी विद्यार्थ्यांना सांगते, पण तो आकडा आला त्या दिवशी मी कॉरिडॉरमध्ये दोन जणांना मिठाई दिली.

मी प्रस्ताव निवडणाऱ्या पॅनेलच्या कामात मदतीला बसलेली असते, मत द्यायचा अधिकार नसतो, फक्त उपकरणाबद्दल विचारलं तर सांगायचं. तिथून दिसतं ते सांगते: पडणारे बरेच प्रस्ताव विज्ञानात कच्चे नसतात. त्यांत 'ही दीर्घिका रोचक आहे' असतं, पण 'हे निरीक्षण असं आलं तर हा सिद्धान्त पडेल आणि तसं आलं तर तो' हे नसतं. आणि एक्स्पोजरचा, म्हणजे किती वेळ प्रकाश गोळा करायचा त्याचा, हिशेब शेवटच्या रात्री केलेला असतो. तो कळतो. हबलवर आता आणखी एक सावधगिरी लागते. जून २०२४ पासून ती एकाच जायरोवर (दुर्बीण किती वळली ते मोजणाऱ्या यंत्रावर) चालते, एका जागेवरून दुसरीकडे वळायला जास्त वेळ घेते आणि एका वेळी आकाशाचा कमी भाग तिच्या आवाक्यात असतो. 'अमुक तारखेलाच हवं' अशी अट शक्यतो घालू नकोस.

मार्ग काय, असं तू विचारलेलं नाहीस, पण विचारशीलच. जेस्ट ही भौतिकशास्त्राची सामाईक परीक्षा किंवा पुण्यातल्या आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्थांची प्रवेशपरीक्षा, मग पीएचडी, मग एक किंवा दोन पोस्टडॉक, आणि त्या काळात घर कुठे, जोडीदार कुठे, हा प्रश्न तुझ्याबरोबर फिरत राहणार. याला सोपं उत्तर कोणाकडेच नाही. आमचं पाच वर्षं दोन शहरांत होतं.

आणि या कामासाठी बाल्टिमोरच हवं असंही नाही. ॲस्ट्रोसॅट हा भारताचा खगोल-उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. तो वापरणाऱ्यांना मदत करणारा कक्ष पुण्यात आयुकामध्येच आहे. त्याच्यावरच्या यूव्हिट या जुळ्या दुर्बिणी फक्त ३८ सेंटिमीटरच्या, पण एका वेळी २८ आर्कमिनिटांचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अंशाचा, पट्टा बघतात, हबलच्या कॅमेऱ्यांपुढे तो भलाथोरला. तेजस्वी ताऱ्यांची तपासणी तिथेही करावीच लागते. दोनपैकी एक अतिनील चॅनल २०१८ मध्ये बंद पडला, तरी दुसऱ्यावर काम चालू राहिलं. आयुकाचे कनक साहा आणि सहकाऱ्यांनी हबलने वर्षानुवर्षं खणलेल्या आकाशाच्या तुकड्याकडेच ॲस्ट्रोसॅट २८ तास लावला आणि ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून निसटणारा तीव्र अतिनील प्रकाश पकडला. तो निबंध २०२० मध्ये आला. हबलच्या चित्रांमुळे कुठे बघायचं ते कळलं, आणि छोट्या दुर्बिणीने ते पाहिलं. पार्श्वभूमीतल्या गोंगाटातून एवढासा सिग्नल खरा आहे हे ठरवायला डिटेक्टर कोळून प्यावा लागतो. तोच माझा मुद्दा.

दुसरं उदाहरण आणखी ताजं. एनसीआरएमधल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या डेटात 'अलकनंदा' शोधली, दोन रेखीव भुजांची सर्पिल दीर्घिका. विश्व अवघं दीड अब्ज वर्षांचं असतानाची. त्या वयात इतकी नीटस तबकडी असायला नको होती, निदान पाठ्यपुस्तकांप्रमाणे. डेटा त्यांनी मागवलेला नव्हता, दुसऱ्या टीमच्या सर्वेक्षणातला, सर्वांसाठी खुला होता. पुण्यात बसून हजारो दीर्घिकांतून त्यांनी ती वेचली. आर्काइव्हमध्ये तो डेटा वापरण्याजोगा ठेवणारे, त्यातल्या डाग-ओरखड्यांची नोंद करणारे, माझ्यासारखेच कोणीतरी होते. त्यांची नावं निबंधात नाहीत. चालतं.

तर सुरुवात कर. परीक्षा झाली की मास्ट या आमच्या आर्काइव्हवर जा. नोंदणी, फी, काही नाही. कॉसचा एखाद्या तेजस्वी क्वेसारचा जी१३०एम ग्रेटिंगवरचा जुना, खुला डेटा उतरव, त्यात चारही जागांवरची वेगवेगळी एक्स्पोजर असतील असा बघ. बेरीज केलेली फाइल उघडू नकोस, सुटी एक्स्पोजर उघड. आधी १२१६ अँगस्ट्रॉमवरची उंच सुळक्यासारखी चमक शोध, ती आपल्या पृथ्वीची. १३०२ च्या आसपास ऑक्सिजनचीही असेल. एक्स्पोजर हबल रात्रीच्या बाजूला असताना घेतलेलं असेल तर ती जवळपास नाहीशी होईल. मग दुरुस्ती न केलेले कच्चे काउंट पिक्सेलच्या अक्षावर मांड आणि चारही जागा एकाखाली एक लाव. जे खाली-वर रांगेत राहील ते आमचं. जे सरकत जाईल ते क्वेसारचं, किंवा वाटेतल्या कुठल्या दीर्घिकेचं, किंवा आपल्याच आकाशगंगेतल्या वायूचं. ते तिन्ही वेगळे करायला तुला महिना लागेल.

अडलीस तर आलेख पाठव, अक्षांवर एकक लिहून. एकक नसलेले आलेख मी उघडत नाही.